चाक मोडलं तर मडकं का फुटावं?

तर्कशास्त्र शिकणाऱ्याच्या हाती बहुधा पहिल्यांदा पडतो तो अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह', सतराव्या शतकातला. त्यात कारणाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि उदाहरण कापडाचं घेतलं आहे. सूत हे कापडाचं समवायी कारण. कापड राहतं ते सुताच्याच आश्रयाने. सुतांचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी कारण. धोटा, माग, विणकर ही निमित्त कारणं. मडक्याचंही तसंच: माती एका बाजूला, चाक, दांडा आणि कुंभार दुसऱ्या. ही विभागणी पंडिती वाटली तरी तिची परीक्षा अगदी घरगुती आहे. सूत जळालं की कापड गेलं. माग मोडला तर अंगावरच्या धोतराला काही होत नाही. माठ आव्यातून निघून घरी आला आणि त्याच संध्याकाळी कुंभाराचं चाक मोडलं, तरी पाणी गार व्हायचं ते होतंच. हत्यार म्हणजे काय, याची आपली सगळी समजूत एवढ्यावर उभी आहे. काम होईपर्यंत ते लागतं, काम झालं की बाजूला होतं. त्याचं मोल एकदा मोजलं की देणंही तिथेच फिटतं.

ब्राउझरमध्ये खेळायच्या खेळांच्या बाबतीत ही समजूत १२ जानेवारी २०२१ रोजी लंगडी पडली. त्या दिवसापासून ॲडोबी कंपनीच्या फ्लॅश प्लेअरने फ्लॅशमधलं काहीही चालवायला नकार दिला. नकाराची तारीख प्लेअरच्या पोटातच आधीपासून घालून ठेवलेली होती. संगणकाचं घड्याळ तिथवर पोचलं आणि खेळाच्या चौकटीत एक चिन्ह तेवढं उरलं. त्यावर टिचकी मारली की फ्लॅश संपल्याची माहिती देणारं कंपनीचं पान उघडे. दोन दशकांत हौशी पोरांनी, एकट्यादुकट्या चित्रकारांनी, दोन-चार जणांच्या कंपन्यांनी बनवलेले असंख्य खेळ असे एकदम थांबले. त्यांच्या फायली कुणी पुसल्या नव्हत्या. मोडलं होतं ते चाक, आणि फुटली होती मडकी. मग फ्लॅश हे चाक होतं की माती? हा शब्दच्छल नव्हे. हत्याराला आपण काय देणं लागतो आणि हत्यार विकणारा आपलं काय देणं लागतो, हे या उत्तरावर ठरतं. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत या खेळांच्या साधनांचा बाजार ज्या भांडणांतून गेला आहे, त्यांच्या मुळाशी हाच न सुटलेला प्रश्न आहे.

गोंधळ कुठून आला ते आधी पाहू. १९९६ साली 'फ्युचरस्प्लॅश ॲनिमेटर' नावाने निघालेलं हे साधन मॅक्रोमीडियाने विकत घेऊन त्याचं नाव फ्लॅश केलं, आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियासकट ते ॲडोबीकडे गेलं. फ्लॅश या एका नावाखाली पहिल्यापासून दोन वस्तू होत्या. एक, विकत घ्यायचं बनवण्याचं साधन: मधोमध 'स्टेज', वर टाइमलाइनची पट्टी, तिच्यावरून सरकणारी लाल रेघ, आणि की-फ्रेमचे काळे ठिपके. चित्र काढा, ठिपका टाका, त्यावर अॅक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या भाषेतल्या चार ओळी लिहा, की चेंडू उसळू लागे. दुसरी वस्तू म्हणजे प्लेअर: फुकट मिळणारा, बहुतेक प्रत्येक संगणकावर आधीच असलेला. बनवणारा पहिल्या वस्तूत रमलेला असे. तिच्यातून एसडब्ल्यूएफ नावाची इवलीशी फाइल निघाली की काम झालं. ती न्यूग्राउंड्स किंवा काँग्रिगेटसारख्या खेळांच्या संकेतस्थळावर चढवायची, प्रायोजक मिळाला तर सुरुवातीला त्याचं बोधचिन्ह फिरवायचं, आणि पुढच्या खेळाला लागायचं. प्लेअरकडे लक्ष कुणाचं जाणार? जे सगळ्यांकडे असतं ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. माग विकत घेणाऱ्याने मागाची किंमत बरोबर मोजली होती. आपलं कापड नेसायचं तर दर वेळी त्याच मागवाल्याच्या मर्जीची एक अदृश्य कड लागते, हे मात्र पावतीवर कुठेच नव्हतं.

तरी फ्लॅशला सरळ 'माती' म्हणून मोकळं होता येत नाही. 'तर्कसंग्रहा'च्या परंपरेतला नैयायिक लगेच अडवेल. समवायी कारण नष्ट झालं तर कार्य नष्ट होतं, हे खरं. पण इथे नष्ट काय झालं? एसडब्ल्यूएफ फाइलमधली चित्रं, आवाज, आज्ञा, सगळं जागच्या जागी आहे. सूतही शाबूत आणि विणही शाबूत. मग कापड गेलं कसं म्हणता? या हरकतीत दम आहे, आणि तिला बळ देणारा दुसरा पक्ष मीमांसकांकडे तयार आहे. त्यांच्या मते शब्द नित्य असतो. उच्चार त्याला निर्माण करत नाही, नुसता प्रकट करतो. अंधारात माठ असतोच, दिवा फक्त तो दाखवतो. तसं पाहिलं तर खेळ फाइलमध्ये आहेच. प्लेअर हा केवळ दिवा. दिवा विझल्याने माठ फुटत नाही, आणि दुसरा दिवा लावला की तोच माठ पुन्हा दिसतो.

या पक्षाच्या बाजूचा पुरावा तर डोळ्यांसमोर आहे. 'रफल' नावाचा, रस्ट भाषेत लिहिलेला मुक्तस्रोत अनुकारक जुन्या एसडब्ल्यूएफ फायली ॲडोबीच्या प्लेअरविना चालवतो. इंटरनेट आर्काइव्हने तो नोव्हेंबर २०२० मध्येच, म्हणजे फ्लॅश मिटायच्या आधी, आपल्या संग्रहाला जोडला. 'फ्लॅशपॉइंट' या प्रकल्पात स्वयंसेवकांनी एक लाखाहून जास्त खेळ गोळा करून ठेवले आहेत. दुसरा दिवा लागला आणि माठ दिसला. मीमांसक जिंकला असं वाटावं. पण दोन गोष्टी त्याच्या आड येतात. पहिली फार्मव्हिलची. जून २००९ मध्ये फेसबुकवर आलेला हा शेतीचा खेळ ३१ डिसेंबर २०२० रोजी झिंगा कंपनीने बंद केला, कारण फेसबुकवरची त्याची शेतं फ्लॅशवरच उभी होती. लोकांनी अकरा वर्षं त्यात पेरणी केली, वेळेवर कापणी झाली नाही की पीक सुकायचं म्हणून गजर लावून उठले, आणि पैसे मोजून अवजारं घेतली. पैसे घेणं कंपनीने १७ नोव्हेंबरला थांबवलं. या खेळाची फाइल कुणाच्या कपाटात असेलही. पण कुणाच्या वावरात काय उगवलं होतं हे कंपनीच्या सर्व्हरवर होतं, फाइलमध्ये कधीच नव्हतं. तिथे कितीही दिवे लावा, दिसायला माठच नाही. दुसरी गोष्ट जास्त बारीक आहे. रफलला दिवा म्हणणं सोपं, पण तो आयता मिळालेला नाही. माणसांनी वर्षानुवर्षं बसून जुन्या प्लेअरच्या प्रत्येक लकबीची नक्कल केली. अॅक्शनस्क्रिप्टच्या तिसऱ्या आवृत्तीतले खेळ नीट चालू व्हायला पहिल्या दोन आवृत्त्यांपेक्षा कितीतरी जास्त काळ लागला. ज्याच्या लकबी बदलल्या की दिसणारी वस्तूच बदलते, जंप अर्धा इंच कमी पडते आणि टप्पा पार होत नाही, तो दिवा कसला? दिव्याच्या ज्योतीने माठाचा आकार ठरत नाही.

मग फ्लॅश ना माती, ना चाक, ना दिवा. इथे वैशेषिकांच्या एका अडगळीतल्या वाटणाऱ्या चर्चेची मदत होते. खरा वैशेषिक कोणता, तर जो 'द्वित्वा'च्या प्रश्नात अडखळत नाही तो, असं जुने पंडित म्हणत. प्रश्न असा: समोर दोन माठ आहेत. प्रत्येकात 'एक'पण आहे. पण 'दोन'पण कुठून आलं? ते एका माठात नाही, दुसऱ्यातही नाही. वैशेषिक सांगतात, 'हा एक, हा एक' अशी एकत्र धरणारी जाणीव पाहणाऱ्याच्या मनात उमटली की दोन्ही माठांत मिळून द्वित्व उत्पन्न होतं. या जाणिवेला त्यांनी अपेक्षाबुद्धी म्हटलं. ती समवायी कारण नाही, कारण द्वित्व राहतं माठांत, बुद्धीत नव्हे. ती निमित्त कारण आहे, चाकाच्या पंगतीतली. आणि तरीही अपेक्षाबुद्धी नाहीशी झाली की द्वित्व नाहीसं होतं. चाक मोडल्याने मडकं फुटण्याचा हा नमुना शास्त्राने स्वतःच नोंदवून ठेवला आहे. सगळीच निमित्तं काम संपल्यावर बाजूला होत नाहीत. काही निमित्तं अशी असतात की ती धरून आहेत तोवरच कार्य आहे.

चालू खेळ हा द्वित्वाच्या जातीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. फाइलमध्ये चित्रं आहेत, आज्ञा आहेत. पण उडी, टक्कर, गुण, हरणं हे त्यांतल्या कुठल्याच एका तुकड्यात नाही. सेकंदाला पंचवीस-तीस वेळा कुणीतरी त्या सगळ्यांना 'हे आणि हे' म्हणून एकत्र धरावं लागतं. ते धरणारं यंत्र, म्हणजे प्लेअर, इंजिनाचा रनटाइम, ब्राउझर, हे अपेक्षाबुद्धीचं काम करतं. रफल जमला तो यामुळेच: बुद्धी दुसऱ्या कुणाची असली तरी चालते, फक्त तिने त्याच दोन माठांना त्याच रीतीने धरायला हवं. फार्मव्हिल जमला नाही, कारण तिथे धरायचे माठच कंपनीच्या आवारात होते. यावर कुणी म्हणेल, मग संगीताचं काय? बंदिश कागदावर उतरवली तरी गाणं होत नाही, गळा लागतोच. त्यात नवीन काय? नवीन एवढंच की बंदिशीला गळे अनेक मिळतात. एका घराण्याचा गवैया गेला तर बंदिश दुसऱ्याकडून ऐकता येते, आणि कुठल्याही गवयाला तिच्यावर कायमची बंदी घालता येत नाही. फ्लॅशला गळा एकच होता, त्या गळ्याला मालक होता, आणि त्या मालकाने गळ्याच्या आतच तारीख लिहून ठेवली होती.

बाजार बदलला तो इथे. हत्यार विकणाऱ्यांना हळूहळू उमगलं की आपण चाकं विकत नसून अपेक्षाबुद्धी विकतो आहोत, आणि अपेक्षाबुद्धी एकदाच विकून टाकणं हा आतबट्ट्याचा धंदा आहे. ॲडोबीने २०१३ पासून आपली बहुतेक साधनं फक्त भाड्याने द्यायला सुरुवात केली. लंडनच्या सिरा कंपनीचं 'कन्स्ट्रक्ट २' एकदाच पैसे मोजून घेता येई. २०१७ मध्ये आलेलं 'कन्स्ट्रक्ट ३' स्वतःच ब्राउझरमध्ये चालतं आणि त्याची वर्षाची वर्गणी असते. पण गोष्ट उघड्यावर आली ती युनिटी या खेळांच्या इंजिनामुळे. युनिटीत बनवलेला खेळ ब्राउझरसाठी बाहेर काढला तरी त्यासोबत इंजिनाचा मोठा भाग वेबअसेंब्लीच्या रूपात जातोच. १२ सप्टेंबर २०२३ रोजी कंपनीने 'रनटाइम फी' जाहीर केली. सगळ्यात खालच्या योजनेतल्या खेळाने वर्षात दोन लाख डॉलर कमावले आणि एकूण दोन लाख इन्स्टॉल ओलांडले, की पुढच्या दर इन्स्टॉलमागे वीस सेंट. वसुली १ जानेवारी २०२४ पासून, आणि ती आधीच बाजारात असलेल्या खेळांनाही लागू. कारण दिलं ते तर्काला धरून होतं: प्रत्येक प्रतीत आमचा रनटाइम जातो. कुंभाराला चाक विकणारा येऊन म्हणतो, तुझ्या माठातून जो जो पाणी पिईल त्याच्यामागे मला पैसा दे, कारण माझं चाक माठात अजून फिरतं आहे.

या मागणीची लोकांनी चेष्टा केली, पण तिच्यातला अर्धा भाग मला खरा वाटतो. चाक माठात खरंच फिरत होतं. जे निमित्त सरून जात नाही त्याचं ऋणही एका पावतीत सरत नाही. इंजिन रोज नव्या ब्राउझरशी, नव्या फोनशी जुळवून घेत असेल तर त्या राबणाऱ्यांना पुढेही काही मिळावं, यात अन्याय नाही. खोट दुसऱ्या अर्ध्यात होती. ऋण चालू राहतं असं म्हणणाऱ्याचं कर्तव्यही चालू राहतं. 'माझ्यावाचून तुझी वस्तू क्षणभर टिकत नाही' हे ज्याला घेण्यासाठी खरं आहे, त्याला ते देण्यासाठीही खरं असलंच पाहिजे. युनिटीने २०१९ मध्ये, अटींवरून झालेल्या एका वादानंतर, ज्या आवृत्तीवर काम सुरू केलं तिच्याच अटी पाळायची मुभा राहील असं कबूल केलं होतं. २०२३ ची घोषणा जुन्या खेळांवर लागू करताना ती कबुली वाऱ्यावर गेली. घेताना 'मी माती आहे', बांधून घ्यायची वेळ आली की 'मी तर चाक'. बनवणाऱ्यांचा संताप वीस सेंटांपेक्षा या दुटप्पीपणावर होता. दहा दिवसांत अटी सौम्य झाल्या, ऑक्टोबरात मुख्याधिकारी पायउतार झाले, आणि बरोबर एका वर्षाने, १२ सप्टेंबर २०२४ ला, फी रद्द झाली.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे आणि तो धर्माच्या बाजूने येतो. सगळं अनित्य आहे. खेळासारख्या खेळाने टिकायचा हट्ट का धरावा? भाद्रपदात शाडूची मूर्ती आपण हाताने बसवतो आणि हाताने पाण्यात सोडतो. त्यात कुणाला अन्याय झाल्यासारखं वाटत नाही. मग फ्लॅशच्या विसर्जनाचं एवढं काय? ॲडोबीने तर जुलै २०१७ मध्ये, साडेतीन वर्षं आधी सूचना दिली होती. फ्लॅशमध्ये सुरक्षेची भगदाडं वारंवार सापडत होती. ते बंद करणं ही एका अर्थी जबाबदारीच होती. हे सगळं मान्य. पण विसर्जनाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. मूर्ती दीड दिवसाची की दहा दिवसांची, हे घरचा माणूस ठरवतो. उत्तरपूजा होते, मूर्ती जागची हलवली जाते, मग पाणी. शाडू विकणारा तिसऱ्या दिवशी दारात येऊन 'आता माझी माती परत' म्हणत नाही. अनित्यता सगळ्यांच्या वाट्याला सारखी असते. एका पक्षाने दुसऱ्याच्या वस्तूचा शेवट ठरवणं म्हणजे अनित्यता नव्हे, सत्ता. ॲडोबीच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी: २००८ मध्ये तिने एसडब्ल्यूएफच्या आराखड्यावरचे वापराचे निर्बंध उठवले. तेव्हा हेतू धंद्याचाच होता, पण पुढे त्या कागदांचा उपयोग दुसरा गळा तयार करणाऱ्यांना झाला. प्लेअरचा मूळ संकेत मात्र, मागणी होऊनही, खुला केला नाही.

उरला मुक्तस्रोताचा पक्ष. फेझर हे खेळ बनवायचं साधन २०१३ पासूनचं, गोडो हे दुसरं २०१४ मध्ये खुलं झालेलं. दोन्ही एमआयटी परवान्याखाली, म्हणजे मालक उद्या रुसला तरी तुमच्या हातची प्रत तुमचीच. तेव्हा प्रश्न मिटला, असं त्यांचे चाहते सांगतात. तो मिटला नाही, एक पायरी खाली सरकला. आता धरणारी बुद्धी ब्राउझरची आहे, आणि क्रोमियम, वेबकिट, गेको एवढीच कुळं उरली आहेत. एप्रिल २०१८ मध्ये क्रोमच्या ६६ व्या आवृत्तीने आपणहून आवाज करणाऱ्या पानांना चाप लावला. हेतू चांगला होता. जाहिरातींच्या कर्कश व्हिडिओंना सगळेच कंटाळले होते. पण वेबवरचे कितीतरी खेळ पान उघडतानाच आवाजाची सोय लावून ठेवत, खेळणाऱ्याने टिचकी मारायच्या आधी. असे खेळ मुके झाले. ज्यांचे कर्ते हयात आणि हौशी होते त्यांनी दोन ओळी बदलल्या. जे सोडून गेले होते त्यांचे खेळ मुकेच राहणार होते. ओरड झाल्यावर मे महिन्यात गूगलने वेब ऑडिओपुरता तो नियम काही महिने मागे घेतला. इथे शेवट जाहीर करणारा कुणी नव्हता, फी मागणारा कुणी नव्हता, परवाना मुक्त होता. तरी धरणाऱ्याने हात जरा वेगळा धरला आणि कार्य बदललं. फरक आहे तो एवढाच, आणि तो लहान नाही: वेबची मानकं उघड्यावर लिहिली जातात, भांडता येतं, आणि ज्याला वाटेल त्याला दुसरा गळा तयार करता येतो.

मुलांसाठीचं 'स्क्रॅच' या बाबतीत बघण्यासारखं आहे. एमआयटीच्या त्या साधनाची २०१३ ची दुसरी आवृत्ती फ्लॅशवर बसवलेली होती. फ्लॅश जाणार हे दिसल्यावर करणाऱ्यांनी ती जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिली आणि २ जानेवारी २०१९ ला तिसरी आवृत्ती आणली, जुन्या आवृत्तीत पोरांनी केलेले प्रकल्प तिच्यात चालतील अशा बेताने. कुणा शाळकरी पोराने चार वर्षांपूर्वी बनवलेली मांजर नव्या आवृत्तीतही चालत राहिली, आणि तिच्या खालची जमीन बदलली हे त्या पोराला कळलंही नसेल. त्यासाठी वीस सेंट कुणी मागितले नाहीत. राबणाऱ्यांचा खर्च मात्र कुणीतरी उचललाच.

आणि रफलमधून आज एखादा जुना खेळ उघडला तर आधी प्रायोजकाचं बोधचिन्ह येतं, पूर्वीसारखंच गरगरत, पूर्वीच्याच झणकाऱ्यासह. त्याने पैसे मोजले होते म्हणून ते तिथे आहे. त्यावर टिचकी मारली तर बऱ्याचदा काहीच उघडत नाही. पत्ता आहे, घर गेलं आहे. चिन्ह विरतं, 'प्ले'चं बटण येतं, आणि खेळ सुरू होतो.